पंचा पिळून अर्धी बादली

इथल्या भुताखेतांच्या अनुभवांखाली खवचट कमेंट टाकणारी एक बाई आहे ना... "बीपी चेक करा", "रात्रीचं मसालेदार बंद करा", "मांजर असेल" — ती मीच. आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसून घ्या. मला राग येणार नाही. येईल, पण गिळीन. माझ्या रागानं काय केलं तेच तर सांगायचंय.

मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. माणसं मरताना इतकी बघितली की मोजायचं सोडून दिलं. एकदाही दिवा फडफडला नाही, खिडकीतून काही उडून गेलं नाही. माणूस जातो, आपण वेळ लिहितो, डॉक्टरला बोलावतो, चादर ओढतो. संपलं. घर बौद्ध. आमचं मूळ गाव बिलोलीकडं. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरातले सगळे देव गोणीत भरले आणि मांजरा नदीत नेऊन सोडले. तेव्हापासून आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर सोडून दुसरं काही लागलं नाही. भूत नाही, देव नाही, नवस नाही, नजर नाही. अंगात आलेली बाई वॉर्डात आली तर मी तिला आधी शुगर तपासायला पाठवायची.

आता जागा आणि माणसं सांगते. आम्ही दोघं नवरा-बायको लातूरला आलो तेव्हा जिल्हा नवा नवा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नव्या जागा, भरती. मला दवाखान्यात लागली, यांना पाणीपुरवठ्यात. वॉलमन. म्हणजे गल्लीगल्लीतल्या चेंबरमध्ये चावी घालून पाणी सोडणारा माणूस. छातीएवढी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून पहाटे निघायचे. कुठल्या गल्लीचा वॉल किती आट्यांवर उघडतो ते त्यांना तोंडपाठ होतं. बाजारात गेलो की बायका हाक मारायच्या — "ओ पाणीवाले भाऊ, आज किती वाजता?" हे रुबाबात घड्याळ बघायचे. मला तेव्हा चीड यायची, पण आतून बरंही वाटायचं.

रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी व्हीआरएस घेऊन घरी बसले. बोलण्यातला एकच शब्द राहिला होता — "हाव", म्हणजे हो. जेवलात का? हाव. भूक न्हाई ना? हाव. मी जीव देऊ का आता? हाव. मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की असा एखादा सवयीचा शब्द मागं राहतो, त्यात नवल काही नाही. म्हणून त्यांच्या "हाव"ला मी किंमत देणं सोडलं होतं.

आणि त्यातच तो दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल तुम्हाला आठवत असेल. मी सांगतेय ते रेल्वे यायच्या दोन-अडीच महिने आधीचं. नळ कधी आला होता ते आठवेना. औसा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर — दोन खोल्या, पुढं छोटं अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची तार. टँकर आला की घरटी एक टिपाड, म्हणजे मोठा पत्र्याचा ड्रम, भरून मिळायचं, मग पुढचा टँकर येईपर्यंत तेवढ्यावर काढायचं. पिण्याच्या चार घागरी वेगळ्या.

मी काय केलं, तर दवाखान्यात पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट असतो ना, पोटात किती गेलं, बाहेर किती आलं — तसा टिपाडाचा चार्ट सुरू केला. वही केली. रोज संध्याकाळी आणि सकाळी लाकडी पट्टी टिपाडात उभी बुडवायची आणि किती इंच ओली झाली ते लिहायचं. डावीकडं इनटेक, उजवीकडं आउटपुट. गल्लीतल्या बायका हसायच्या. हसू देत, माझं पाणी कधी दोन दिवस आधी संपलं नाही.

यांचं मात्र एकच मागणं होतं. डाव्या हातानं हवेत चावी फिरवायचे, मग तोच हात डोक्यावर ठेवायचे. म्हणजे — पाणी सोड, डोक्यावरून आंघोळ घाल. मी दिवसाआड ओल्या फडक्यानं अंग पुसायची, त्याला तांब्याभर पाणी लागतं. डोक्यावरून आंघोळ म्हणजे दीड बादली. कुठून आणायची?

"पाणी आलं की घालते," म्हणायची मी.

"हाव."

तुम्ही म्हणाल, शेजारी मागायचं. तर ते मी मागणार नव्हते, आणि का ते सांगते. माझी आई लहानपणी गावच्या विहिरीपासून दहा पावलं लांब घागर मांडून बसायची. कुणाला दया आली तर वरून ओतणार, तोवर उन्हात बसायचं. म्हातारपणी, डोकं चळल्यावर, ती आमच्या किचनमध्ये नळाखाली भांडं ठेवून लांब जाऊन बसायची... कुणी ओतेल म्हणून. ते बघितलं त्या दिवशी मी ठरवलं की पाण्यासाठी मी कुणापुढं तोंड उघडणार नाही. तेव्हापासून पाळलं. मोठी अभिमानाची गोष्ट वाटायची मला ती.

तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सिद्धार्थ आणि ऊना आले. सिद्धार्थ आमचा एकुलता एक, माझ्यासारखाच नर्स, आयर्लंडमध्ये नोकरीला. ऊना त्याची बायको, तिकडचीच. गोरी, नाकावर वांगाचे ठिपके, बारीक आवाजाची. लहान मुलांच्या शाळेत शिकवते. लग्न केलं ते मला फोनवर कळलं होतं, झाल्यावर. तो राग मी तीन वर्षं जपून ठेवला होता. तशात बापाला बघायला आले म्हणून बरं वाटायच्या ऐवजी मला पहिला विचार काय आला असेल? दोन माणसं वाढली, टिपाड तेवढंच.

खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा कमी पाणी वापरायची. पेलाभर पाण्यात तोंड धुवायची, तेच पाणी बादलीत जपून ठेवायची. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी वहीत पट्टी बुडवताना मुद्दाम तिच्यासमोर बुडवायची.

एकतीस जानेवारीला दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचं मराठी सिद्धार्थनं शिकवलेलं, मोडकंतोडकं.

"आई, उद्या आमचा सण. इम्बोल्क. वसंताचा पहिला दिवस."

"वसंत?" मी म्हटलं, "बाहेर बघ जरा. कडुनिंबसुद्धा वाळलाय."

तिनं हळूहळू सांगितलं. त्यांच्याकडं ब्रीद म्हणून एक आहे. कुणी देवी म्हणतं, कुणी संत म्हणतं. आजच्या संध्याकाळपासून ती घराघरावरून जाते. घरातलं एक कापड बाहेर टांगून ठेवायचं, जाताना ती त्याला हात लावते. मग वर्षभर घरात कुणी आजारी पडलं की ते कापड कपाळावर ठेवायचं. "बाबांसाठी," ती म्हणाली. "माझी आजी करायची. घरातच. चर्च नाही, काही नाही."

"आमच्यात असलं चालत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. सिद्धार्थ सांगितला. मी देव नाही म्हणत. मी... आजी म्हणते." मग तिला वाटलं मला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं. "आमच्या गावात तिची विहीर आहे, आई. कुणीही पाणी घेतो. कुणीही."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी तिला आईचं सगळं सांगितलं — ती दहा पावलं, ती घागर, ते ऊन. ओरडूनच सांगितलं. सिद्धार्थ आतून आला, "आई, ती काय चुकीचं बोलली?" म्हणाला. मी ऊनाकडं बघून म्हटलं, "तुझ्या त्या ब्रीदला सांग, साठ वर्षं उशीर झाला म्हणावं."

ऊना जवळ सरकली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.

तरी तिनं करायचं ते केलंच. त्यांच्याकडं पाणगवताची एक आकृती विणतात, मध्ये चौकोन आणि चार बाजूंना चार हात. इथं गवत कुठलं? बयेनं माझा नवाकोरा खराटा सोडला! त्याच्या काड्या तांब्यात भिजवायला पाणी मागितलं नाही एवढंच नशीब. कोरड्याच विणत बसली. काड्या मोडायच्या, पुन्हा घ्यायची. मी म्हटलं, दारावर लावू नको, गल्लीत म्हणतील यांनी आता आणखी एक धर्म बदलला. तिनं ती आकृती यांच्या उशाशी खिडकीत ठेवली.

कापड मी दिलं नाही. मी म्हटलं, माझ्या घरात रिकामं कापड नाही. हे खाटेवरून बघत होते. त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा पंचा ओढला आणि तिच्याकडं धरला. पांढरा, किनारीला बारीक हिरवी रेघ, धुऊन धुऊन विरलेला. ऊनाला रडू आलं. मला त्याचाही राग आला.

दिवस मावळायच्या वेळेला तिनं शेवटचा प्रकार केला. हा नीट वाचा. त्यांच्या रीतीत एक बाई बाहेर उभी राहते, दार वाजवते आणि आत यायची परवानगी मागते. घरातल्यांनी ये म्हणायचं असतं. तीनदा. ऊना अंगणात गेली, सिद्धार्थनं दार लोटलं. मी उंबऱ्याजवळ सुपात ज्वारी निवडत बसलेली.

टकटक झाली. "आत येऊ का?"

सिद्धार्थनं माझ्याकडं बघितलं. घर माझं, म्हणून मी म्हणायचं होतं. मी ज्वारीतला खडा काढला आणि बाजूला टाकला.

"आत येऊ का?"

"आई, एक शब्द म्हणायचाय फक्त."

"माझ्या तोंडातून निघायचा न्हाई. आणि तूही बोलू नको."

तिसऱ्यांदा दार वाजलं. आवाज आणखी बारीक झाला होता. "आत येऊ का?"

"हाव," हे म्हणाले.

मी मोठ्यानं हसले. म्हटलं, बघा, तुमच्या सणाला परवानगी कुणी दिली! जो कशालाही हाव म्हणतो त्यानं! ऊना आत आली, यांच्या पाया पडली, मग पंचा तारेवर टाकून आली. तारेवर माझी एक साडी, सिद्धार्थचा शर्ट आणि मधोमध पंचा. मी टिपाडात पट्टी बुडवली. नऊ इंच. वहीत लिहिलं, झाकण घातलं, झाकणावर पाटा ठेवला. तोही मी रोज ठेवायची. पिण्याच्या घागरी माझ्या कॉटखाली.

सकाळी उजाडल्यावर अंगणात गेले तर तारेखाली फरशी काळी दिसली. ओली होती. पंचा तारेवरच वजनानं खाली ताणला गेलेला, जड, टोकांतून पाणी गळत होतं. थेंब थेंब नव्हे, धार. शेजारची साडी कुरकुरीत वाळलेली. शर्ट वाळलेला.

काय वाटलं मला? भीती वाटली, आश्चर्य वाटलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं — या पोरीनं माझं पाणी ओतलं. नवऱ्याला आंघोळ घालत नाही मी ज्या पाण्यासाठी, ते हिनं नाटक करायला एका फडक्यावर ओतलं.

ऊना मागून आली. तिनं पंचा बघितला आणि तोंडावर हात ठेवला. "आई! आली! ती आली!"

"पाणी कुठलं घेतलंस?"

"मी नाही."

"कुठलं घेतलंस? टिपाडातलं का घागरीतलं?"

"मी नाही घेतला पाणी, आई. मी आत्ता उठली."

"खोटं बोलू नको! मला शिकवायला आलीस तू? इथं माणसं संडासला जाताना पाणी मोजतात!"

सिद्धार्थ धावत आला. ती नाही म्हणतेय ना, म्हणाला. मी म्हटलं, मग तू ओतलंस, बायकोचे लाड करायला. ऊनानं पंचा तारेवरून काढला, दोन्ही हातांनी धरून आत नेला. यांच्या कपाळावर ठेवायला. यांनी तिला बघून डावा हात पुढं केला, हवेत चावी फिरवली, हात डोक्यावर ठेवला. "हाव, हाव, हाव." इतके घाईनं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मी तिच्या हातातून पंचा ओढून घेतला. बादली ओढली आणि पिळला. पाणी वाया घालवायची सवय नव्हती, चिडले होते तरी हात आपलं काम करत होते. पिळत राहिले, पाणी येत राहिलं. अर्धी बादली झाली. ती बादली नेऊन संडासात ठेवली, तिथं वापरायला. आणि परत आल्यावर — ओला झालाच आहे तर वाया कशाला घालवायचा म्हणून — त्याच पंच्यानं फरशी पुसायला घेतली. दोन महिने फरशीला ओलं फडकं लागलं नव्हतं. ऊना भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या पायापर्यंत पुसत गेले आणि म्हटलं, "सरक."

मग मागून आवाज आला. यांची खाट बुटकी होती. त्यांनी डावा हात खाली सोडला होता आणि ओल्या फरशीवर तळवा फिरवत होते. तळवा ओला करायचे आणि डोक्यावरून फिरवायचे. परत खाली, परत डोक्यावर. कपाळाला, केसांना, मानेला. डोळे मिटलेले.

मी उठले आणि त्यांच्या हातावर चापट मारली. "फरशीचं घाण पाणी हाय ते! कळत न्हाई का?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "गार."

स्पष्ट. झटका आल्यापासून "हाव" सोडून निघालेला तो पहिला शब्द. आणि शेवटचाही तोच.

त्या दिवसानंतर ऊना माझ्याशी बोलली नाही. ओरडली नाही, भांडली नाही. त्यांनी तिकीट बदललं आणि दोन दिवसांनी निघाले. जाताना ती यांच्याजवळ बराच वेळ बसली. मी चहा केला, तिनं घेतला नाही.

ते गेल्यावर नवव्या दिवशी यांना दुसरा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. वेळ मीच लिहिली.

आता ऐका. प्रेताला आंघोळ घालायची तर पाणी हवं. मी कुणाकडं मागितलं नाही. मी नुसती टिपाडाकडं बघत उभी होते. समोरच्या स्वामींच्या घरातली महानंदा कळशी घेऊन आली. तिच्यामागं दुसरी. मग पलीकडच्या गल्लीतल्या बायका, मी ज्यांना नावानं ओळखतही नव्हते अशा. "पाणीवाल्या भाऊला पाणी कमी पडू द्यायचं न्हाई," महानंदा म्हणाली. नऊ कळश्या झाल्या. यांना डोक्यावरून आंघोळ मिळाली. पाणी अंगणातून वाहत गल्लीत गेलं, गल्लीतून नालीपर्यंत गेलं. मी एक तांब्या मागितला असता तरी या बायकांनी दिला असता. कुणी दहा पावलं लांब बसवलं नसतं मला. मीच बसले होते.

पाचव्या दिवशी कार्यक्रम झाला. आमच्यात त्याला जलदान विधी म्हणतात. कार्डावर छापून आलं तेव्हा मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं.

सगळे गेल्यावर वही उघडली. आता मोजायचं कुणासाठी, बंद करून टाकावी म्हणून. पानं चाळताना एक फेब्रुवारीची सकाळ लागली. त्या सकाळी भांडणात मी पट्टी बुडवलीच नव्हती. पण नोंद होती. अक्षर सिद्धार्थचं.

टिपाड — नऊ इंच. घागरी — भरलेल्या.

त्याखाली आउटपुटच्या रकान्यात — पंचा पिळून, अर्धी बादली.

आणि समोर इनटेकच्या रकान्यात नुसतं एक प्रश्नचिन्ह.

मी फोन लावला. "तू मला का सांगितलं नाहीस?"

"आई, तुला सांगून कधी पटलंय?" एवढंच म्हणाला तो.

आता तुमच्या कमेंट मीच लिहून टाकते, मला येतात त्या लिहायला. दव? लातूरला, त्या साली, आणि शेजारची साडी कोरडी ठेवून पडलेलं दव? शेजाऱ्यानं ओतलं? त्या दिवसांत अर्धी बादली कुणी कुणाच्या फडक्यावर ओतेल का? सिद्धार्थनं बायकोसाठी खोटं लिहिलं? हे मलाही वाटलं, आईच आहे मी त्याची. पण त्याच संध्याकाळची नोंद माझ्या हातची आहे — रागात होते, वरची ओळ वाचलीही नव्हती — आणि दिवसभराचा वापर वजा केला तर हिशोब नऊ इंचावरूनच जुळतो. टिपाडातून काही गेलं असतं तर संध्याकाळी दिसलं असतं. घागरींना तर मी झोपले होते ती कॉट हलवल्याशिवाय हात लागत नाही.

आणि शेवटचं. पाणी आल्यावर मी तो पंचा बादलीत बुडवून काढला आणि पिळला. तांब्याभर निघालं. पुन्हा बुडवला, पुन्हा तांब्याभर. पाच वेळा केलं. त्या विरलेल्या फडक्यात तांब्याच्या वर पाणी मावतच नाही. त्या सकाळी मी स्वतः, माझ्या या हातांनी, अर्धी बादली पिळली आणि माझ्या लक्षात आलं नाही. नर्स म्हणे.

याचं उत्तर माझ्याकडं नाही. आठ वर्षं झाली, शोधून झालं. देव मी आजही मानत नाही, ब्रीदला तर मुळीच नाही. काही असेल तर मला एवढंच कळतं की त्या माणसाला आंघोळ हवी होती, ती दारापर्यंत आली होती आणि मी ती संडासात ओतली.

पुढं एप्रिलात रेल्वेनं पाणी आलं. सगळं गाव बघायला गेलं, मी गेले नाही. आता तर नळाला बऱ्यापैकी पाणी असतं. मी टिपाड विकलं नाही. ऊना अजून फोनवर येत नाही, आणि बरोबर आहे तिचं. काड्यांची ती आकृती खिडकीत आहे.

दर एकतीस जानेवारीला दिवस मावळायला मी पंचा तारेवर टाकते आणि उंबऱ्याजवळ सूप घेऊन बसते. सकाळी हात लावते. कोरडा असतो. वहीत लिहिते, इनटेक शून्य.

गल्लीत कुणाचं तरी दार वाजतं, तेव्हा कान टवकारते. अजून कुणी विचारलेलं नाही. पण "आत येऊ का" असं कुणी विचारलंच, एकदा जरी विचारलं, तरी मी हाव म्हणणार आहे.